कबरी मांजराच्या खाण्याची नोंदवही: आषाढी ते दिवाळी

ज्येष्ठापासून आमची कबरी मान आणि कानाच्या मागचा भाग रक्त येईस्तोवर खाजवत होती. पाठीवरून हात फिरवला की बाजरीच्या कण्यांसारख्या बारीक खपल्या बोटांना लागायच्या. शेजारच्या मावशींनीच आधी हटकलं, "काय गं, तुझं मांजर सारखं खाजवूलंय की!" मांजरांत अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा अशीच डोक्यामानेवर दिसते. काहींना जोडीला उलट्या किंवा पातळ शी होते. कबरीला तसलं काही नव्हतं, नुसती खाज.

डॉक्टरांनी आधी पिसवा आणि गजकर्ण यांचा निकाल लावला. पिसवांचं औषध घरातल्या तिन्ही मांजरांना दिलं, कारण एकीला सोडलं तर सगळं फुकट. कुत्र्यांसाठीचं मानेवर टाकायचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या पुष्कळांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. पिसवा संपल्या, खाज राहिली, तेव्हा खाण्याकडे वळलो. रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीत पैसे घालू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. अन्नाच्या ॲलर्जीत त्या तपासण्या भरवशाच्या नाहीत. खात्रीचा मार्ग एकच: पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन द्यायचं, बाकी सगळं बंद, आणि बरं वाटल्यावर जुनं एकेक करून परत देऊन बघायचं.

मग बसून यादी केली. कोरडं खाणं, उकडलेल्या कोंबडीच्या माना, बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारातून आणलेल्या बांगड्यांची डोकी, सुकट, सकाळचं गाईचं दूध. म्हणजे कोंबडी, मासे, दूध तिन्ही बाद. म्युलर, ऑलिव्री आणि सहकारी संशोधकांनी 2016 साली अन्नाची ॲलर्जी असलेल्या 78 मांजरांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यांत बाधणाऱ्या पदार्थांचा गोमांस 18 टक्के, मासे 17 टक्के आणि कोंबडी 5 टक्के असा क्रम लागतो. पण ती मांजरं परदेशातल्या खाण्यावर वाढलेली. ॲलर्जी व्हायला आधी ते पोटात जावं लागतं, म्हणून आपल्या मांजराची यादी त्या क्रमापेक्षा मोलाची.

लावी आणि बदक मनात होतं, पण पक्षी-पक्षी म्हणून कोंबडीशी त्यांचं जुळण्याची शक्यता राहते. शेवटी बकऱ्याचं मटण ठरलं. गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली असती तर बकराही रवंथ करणारा म्हणून थोडा धोका होता, तो पत्करला. आपल्याकडे एक सोय आहे, मटणाचं दुकान वेगळं आणि चिकन सेंटर वेगळं, त्यामुळे सुरी-ठोकळ्याची सरमिसळ होत नाही. खिम्याचं मशीन मात्र कशाकशाला वापरलेलं असतं, तेव्हा खांद्याचं मांस आणून घरीच सुरीने बारीक केलं. थोड्या पाण्यात शिजवायचं. कांदा, लसूण, मसाला काही नाही, कांदा-लसूण मांजराला विषच. शिजवलेलं पाणी ओतून टाकायचं नाही, टॉरिन हे मांसातलं, मांजराला लागतंच असं पोषक द्रव्य त्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, हे 1987 साली पिऑन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. डॉक्टरांनी बिनचवीची टॉरिन पूड आणि कॅल्शियम लिहून दिलं. नुसतं मांस मोठ्या मांजराला थोडे आठवडे चालतं, कायमचं नाही.

पहिल्यांदा तिने तोंड फिरवलं. भूक लागली की खाईल म्हणून मांजराला उपाशी ठेवायचं नसतं. दोन-तीन दिवस न खाल्लं तर यकृतात चरबी साचते, आणि जाड मांजराला तर फार लवकर. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत नेलं. जुनं पूर्ण बंद झालं ती आषाढी एकादशी, आणि मोजणी तिथून धरली.

खरा कस लागतो तो घराबाहेर. शहापूरच्या आमच्या गल्लीत सगळी दारं उघडी आणि सगळ्यांना मांजरांचा लळा. एकीकडे सुकट, एकीकडे दूधभात. कबरीला आत ठेवलं आणि चार घरी जाऊन सांगून आले. पलीकडच्या अज्जी रोज एक घास बाजूला काढायच्या. त्यांना मटणाची छोटी डबी देऊन ठेवली, "अज्जी, द्यायचंच तर ह्यातलं द्या." त्यांचा आनंद राहिला आणि नियमही. माझ्या मते अर्धी चाचणी इथेच जमते किंवा मोडते. जंतांवरच्या चव लावलेल्या गोळ्या, माशाचं तेल, दुसऱ्या मांजराच्या ताटलीतला उष्टा दाणा, हे सगळं खाण्यातच धरायचं. तिन्ही मांजरांच्या जेवणाच्या खोल्या वेगळ्या केल्या.

नागपंचमीला खाज कमी वाटली, पण खपल्या होत्याच. इथे पुष्कळजण सोडून देतात. अशा चाचण्यांच्या 2015 च्या आढाव्याप्रमाणे सहा आठवड्यांत सुमारे 80 टक्के मांजरांना फरक पडतो, आठ आठवड्यांत 90 टक्क्यांच्या वर. थांबलो. शेवटच्या टप्प्यात गणपती आले आणि दुसऱ्या दिवशी उंदरी, म्हणजे आमच्याकडचा मटणाच्या जेवणाचा दिवस. घराघरांत रस्सा, पाहुणे, खाली सांडलेली हाडं. त्या दिवशी कबरी माडीवर, कडी लावून. अनंत चतुर्दशीपर्यंत मानेवर नवे केस आले होते आणि पाठ हाताला गुळगुळीत लागत होती.

पण एवढ्याने ॲलर्जी सिद्ध होत नाही. पावसाळा सरल्यानेही खाज जाऊ शकते. म्हणून उकडलेली कोंबडी, फक्त तीच, परत दिली. त्याच आठवड्यात कान खाजवणं सुरू. लगेच बंद करून मटणावर आणलं, दसऱ्यापर्यंत शांत. मग बांगडा, शिजवून आणि काटे काढून. कच्च्या माशात बी-1 जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असू शकतं, ते शिजवल्यावर जातं. परत दिल्यावर त्रास व्हायचा तर साधारण दोन आठवड्यांत होतो. दिवाळी आली, कबरी ठणठणीत. माझा संशय माशावर होता, निघाली कोंबडी.

आता दुकानातल्या पाकिटांचा प्रश्न. पुढे मोठ्या अक्षरांत टूना आणि मागच्या बारीक यादीत कोंबडीचं पीठ, यकृत किंवा नुसतं 'पोल्ट्री'. पुढचं चित्र सोडा, मागची यादी वाचा. 'चवीचं' असा शब्द असेल तर मुख्य मांस वेगळंच असू शकतं. प्रवासात आणि आजारपणात हाताशी असावं म्हणून डॉक्टरांमार्फत प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, म्हणजे हायड्रोलाइज्ड खाणं मागवलं आहे. त्यातही मूळ प्रथिन बघून घ्या: हिल्सच्या झेड-डीत कोंबडीचं यकृत आहे, रॉयल कॅनिनच्या हायपोॲलर्जेनिकमध्ये सोया. तुकडे बारीक असल्याने बहुतेकांना दोन्ही चालतं, पण कोंबडीवर उठणाऱ्या कबरीसाठी मी सोया घेतलं.

दूध पुन्हा सुरू करणार नाही. पुष्कळ मोठ्या मांजरांना ते एरवीही पचत नाही, आणि त्या न पचण्याचा ॲलर्जीशी संबंध नाही. तुळशीच्या लग्नानंतर उकडलेलं अंडं देऊन बघेन. अंडं आणि कोंबडी यांची प्रथिनं वेगळी, त्यामुळे एक बाधलं म्हणून दुसरं बाधेलच असं नाही. तोवर मटण आणि बांगडा आलटून पालटून, पूड टाकून, आणि दर रविवारी वजन.