उजवा खांदा, फ्रीस्टाइल आणि फिजिओ

दिवाळीनंतर नाशिकला त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर सकाळची बॅच धरली आणि फेब्रुवारीत उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला कळ यायला लागली. आधी फक्त पोहताना, मग वरच्या फळीवरचा डबा काढताना, शेवटी त्या कुशीवर झोपवेना. बॅचमधले एक काका म्हणाले, "थंडी आहे, तेल लाव." लावलं. घरभर वास झाला, बाकी काही नाही.

गंगापूर रोडच्या फिजिओ मॅडमनी हात निरनिराळ्या कोनांत उचलायला लावला. खांद्याचा गोळा जागेवर धरणारे चार छोटे स्नायू म्हणजे रोटेटर कफ. त्यातल्या वरच्या स्नायूचा कंडरा हाडाच्या कमानीखाली चिमटत होता. या दुखण्याला 'स्विमर्स शोल्डर' हे नाव १९७४ पासून आहे. "हिशेब करा," मॅडम म्हणाल्या. शंभर मीटरला साधारण ऐंशी स्ट्रोक धरले, तर दोन किलोमीटरला एकेका हाताचे आठशे फेरे होतात. त्यात थोडासा वाकडेपणाही महागात पडतो.

तो वाकडेपणा तलावावर पोहायला शिकवणाऱ्या सरांनी मोबाइलवर शूटिंग करून दाखवला. माझा अंगठा आधी पाण्यात शिरत होता, हात डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडत होता. श्वास फक्त डावीकडे, म्हणून उजवा खांदा पाण्याबाहेर नीट येतच नव्हता. त्यात भर म्हणजे पंज्यांवर चढवायचे प्लास्टिकचे पॅडल. सरांनी पॅडल काढून घेतले. किकबोर्डही, म्हणजे पाय मारताना हातांनी धरायची फळी, बंद, याचं मला नवल वाटलं. पण हात लांब ताणून बोर्डवर टेकले की नेमकी तीच जागा दाबली जाते. मग पाठीवर पडून, हात अंगालगत ठेवून किक.

घरी थेराबँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, दाराच्या कडीला बांधला. कोपर बरगडीला चिकटवायचं, मध्ये नॅपकिनची घडी, आणि पंजा हळूच बाहेर न्यायचा. मॅडमचा खरा जोर मात्र पाठीतल्या फऱ्यावर होता. फरा ढिला राहिला तर खांदा पुढे झुकतो, दिवसभर लॅपटॉपवर बसणाऱ्याचा तर हमखास. म्हणून भिंतीवरचे पुशअप आणि चौकटीत उभं राहून छाती ताणणं. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते फायदा यानेच झाला. नुसत्या विश्रांतीने कळ थांबली होती. पाण्यात उतरलो की पुन्हा सुरू.

आता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे श्वास. अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवतो. स्नायू भरून आले तर चालतं. टोचणारी कळ आली की त्या दिवशी सरळ बाहेर. पॅडल अजून सरांकडेच आहेत. "पावसाळ्यानंतर बघू," म्हणतात.