थांगशानचे ऊन पाणी

चीनमधल्या नानजिंगला येऊन दोन वर्षे होत आली, तरी शहरापासून जेमतेम तीस किलोमीटरवर असलेल्या थांगशानच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे आमचे पाय वळले नव्हते. ते वळले सासूबाई दापोलीहून आल्यावर, जानेवारीतल्या एका कडाक्याच्या रविवारी. (१९७६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले थांगशान ते हे नव्हे, ते दूर उत्तरेला हबेई प्रांतात आहे आणि चिनी लिपीत त्याचे पहिले अक्षरही वेगळे आहे.)

मेट्रोत बसल्यापासून मुलगी 'सूपचा डोंगर' म्हणून खिदळत होती, कारण शाळेत शिकलेल्या चिनीत 'थांग' म्हणजे सूप आणि 'शान' म्हणजे डोंगर. जुन्या चिनीत मात्र 'थांग' म्हणजे गरम पाणी, असे यांनी सांगताच आई म्हणाल्या, "मग हे आपलं उन्हवरेच की! ऊन पाण्याचं म्हणून उन्हवरे." राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे ही कोकणातल्या गरम झऱ्यांची नावेही मग निघाली आणि थांगशानचे परकेपण तिथेच निम्मे सरले.

या भागात जागता ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी चुनखडीच्या खडकातून खोल झिरपते, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि भेगांवाटे पुन्हा वर येते. उगमापाशी ते सुमारे ६० अंश सेल्सिअस असल्यामुळे निववूनच कुंडांत सोडावे लागते. नानजिंग राजधानी असताना चीनचे तेव्हाचे नेते च्यांग काय-शेक आणि त्यांच्या पत्नी सुंग मेइ-लिंग याच पाण्यात स्नानाला येत असत.

आत शिरताना खरी अडचण झाली ती आईंच्या बांगड्यांची. दागिने काढून ठेवा, असे फलकावर लिहिले होते आणि हिरवा चुडा उतरवायला आई मुळीच तयार नव्हत्या. तिथल्या बाईंनी थोडा वेळ हातवारे करून पाहिले, मग हसून दोन रबरी पट्टे आणून दिले आणि बांगड्या मनगटावर घट्ट बसवून दिल्या. भाषेवाचून झालेला इतका नेमका तोडगा मी क्वचितच पाहिला आहे.

उघड्यावरच्या प्रत्येक कुंडाशी तापमानाची पाटी होती. हवा पाच अंशांवर, पाणी चाळीसवर. मान बाहेर आणि बाकी देह आत, अशा अवस्थेत केसांवर वाफेचे बारीक थेंब जमत होते. गुलाबपाकळ्यांचे आणि आल्याचे कुंड मला उगीचच सजवलेले वाटले. माशांच्या कुंडात मात्र मुलगी रमली. पायांना लुचणारे ते इवले मासे पाहून आईंनी आपले पाय झटकन वर घेतले. बेचाळीस अंशांच्या कुंडात आम्ही दोघे पाच मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर आलो, आई निवांत बसून राहिल्या. उन्हवऱ्याचे पाणी याहून कढत असते, हे त्यांनी आम्हाला दोनदा ऐकवले.

बाहेरचे खाणे आत नेता येत नव्हते आणि आतल्या नूडल्सच्या रश्शात डुकराचे मांस होते. जवळच्या यांगशानच्या खाणीत मिंग सम्राट योंगलने वडिलांच्या समाधीसाठी १४०५ मध्ये कोरायला घेतलेली आणि जागची कधीच न हललेली प्रचंड शिळा पाहायची होती, पण पाच वाजताच अंधारू लागले. तेव्हा स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून, ओल्या केसांना टोप्या घालून, आम्ही डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या संपवल्या.