आमची वाटचाल: मिठाईच्या दुकानावरचं ऑफिस

लंडनच्या वेम्बलीत ईलिंग रोडवर मिठाईच्या दुकानाच्या माथ्यावर आमचं इमिग्रेशन वकिलीचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. २००९ साली सुरू केलं तेव्हा मी, एक भागीदार मैत्रीण आणि एक जुनं फॅक्स मशीन. फॅक्सला लोक हसायचे. पण हीथ्रोजवळच्या डिटेन्शन सेंटरांत, म्हणजे इमिग्रेशनच्या कोठड्यांत, कॅमेऱ्याचा फोन चालत नाही. आतल्या माणसाच्या हातात नोटीस पडली की ती आमच्याकडे यायची ती फॅक्सनेच.

पुण्याला शिवाजीनगर कोर्टात मी सिनियरच्या फायली उचलत होते. लग्न होऊन इकडे आले, परीक्षा दिली, सॉलिसिटर म्हणजे इथली वकील झाले. पहिली कामं मंडळाच्या गणपतीतच मिळाली. २००६ साली इथल्या सरकारने कुशल स्थलांतरितांचे नियम मधेच बदलून आधीच आलेल्यांनाही लावले होते. एप्रिल २००८ मध्ये हायकोर्टाने ते बेकायदा ठरवलं. ती लढाई आमची नव्हे. दुसऱ्यांनी जिंकली, त्या निकालावर आलेल्या कामांत आमचं पहिलं वर्ष निघालं.

जामिनाचं पहिलं काम रत्नागिरीकडच्या एका खलाशाचं. व्हिसा संपलेला, पाच महिने आत. इथे इमिग्रेशनच्या कोठडीला कमाल मुदतच नाही. आधार एकच: १९८३ सालचा डरहॅम तुरुंगाचा निकाल. हरदियाल सिंग नावाच्या आपल्याच माणसाचा. देशाबाहेर पाठवण्यासाठीच कोठडी, आणि तीही वाजवी काळापुरतीच, असं त्यात न्यायाधीशांनी ठरवलं. इंग्रज बॅरिस्टर त्याचा ‘हार्डियल’ करतात आणि मी दर वेळी मनात दुरुस्त करते.

सुनावणीला खलाशी टीव्हीच्या पडद्यावर. जामीनदार त्याचा गाववाला, हॉटेलात आचारी. पाचशे पौंड प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आलेला. न्यायाधीशांनी विचारलं, हा पळून गेला तर? दुभाष्याची वाट न बघता आचारी मराठीतच म्हणाला, “साहेब, माझी चुलत बहीण दिलीय त्याला. जातोय कुठं?” दुभाष्याने अगदी गंभीरपणे भाषांतर केलं. जामीन झाला.

१ एप्रिल २०१३ पासून लीगल एड, म्हणजे वकिलाची फी सरकारने भरायची सोय, बहुतेक कौटुंबिक इमिग्रेशनमधून गेलं. आश्रय आणि कोठडीची कामं उरली, पण त्या दरात भाडंसुद्धा निघेना. भागीदारीण म्हणाली, आयटीवाल्यांचे व्हिसेच करू या. चूक नव्हतं तिचं, पण मला ते जमेना. ती वेगळी झाली. तेव्हापासून व्हिसाच्या फीमधून मी जामिनाची कामं ओढते. हिशेबनीस दर मार्चला कपाळाला हात लावतो.

आयटीवाल्यांनाही ते आवडायचं नाही. “मॅडम, तुमच्याकडे ते कोठडीतले लोक पण येतात ना?” असं एकाने विचारलं होतं. २०१८ साली तोच आला. कराच्या विवरणपत्रातली कमाई आणि व्हिसाच्या अर्जातली जुळत नाही, म्हणून अप्रामाणिक ठरवून अर्ज फेटाळलेला. मुलगी सहावीत. चूक कर सल्लागाराची होती, पण हे सांगायची संधीच दिली नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की संशय असेल तर आधी माणसाला विचारा. त्याची फाइल पुन्हा उघडली.

तोवर दर महिन्याला तो येऊन जिन्याजवळच्या बाकावर बसायचा, कधी शेजारी नुकताच सुटलेला कोणी असायचा. फॅक्स खरखरला की दोघंही एकदमच दाराकडे बघायचे.