'एम्प्टी'च्या दोन नोंदी

यंत्राच्या पडद्यावर टाकीच्या चित्राशेजारी 'रिकामी करा' असे उमटले. चालकाने निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडला. टाकी मुळात रिकामीच होती, त्यामुळे तेव्हा काही झाले नाही. पण पुढच्या टप्प्यात यंत्राने धुण्याचे द्रावण भरायला घेतले आणि ते खालच्या उघड्या वाटेने तसेच वाहून गेले. चाचणीचा दिवस असल्याने नुकसान तेवढ्यावर थांबले. चालकाची यात काहीच चूक नव्हती. पडद्याने सांगितले ते त्याने केले, आणि पडद्यावरचे मराठी माझे होते.

मला भाषांतरासाठी मिळालेल्या यादीत 'एम्प्टी' एकदाच होता. पडद्यावर मात्र तो दोन जागी येत होता. खालच्या बटणावर तो आज्ञा होता, म्हणजे क्रियापद: टाकी रिकामी करा. वरच्या चौकटीत तो स्थिती सांगत होता, म्हणजे विशेषण: टाकी रिकामी आहे. गेटटेक्स्टसारख्या, प्रोग्राममधल्या शब्दांची भाषांतरे सांभाळणाऱ्या व्यवस्थेत सारखे दिसणारे इंग्रजी शब्द एकाच नोंदीत गोळा होतात. मी बटण डोळ्यांसमोर ठेवून भाषांतर केले आणि तेच वरच्या चौकटीतही गेले.

हे आधी लक्षात का आले नाही, याचे कारण इंग्रजीतच आहे. आम्ही तपासणीसाठी 'फिल' आणि 'फुल' ही जोडी घेतली होती. तिथे क्रियापद आणि विशेषण असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे गोंधळाला जागाच नाही. त्यांच्या उलट अर्थाला मात्र इंग्रजीत 'एम्प्टी' हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. व्हॉल्व्हच्या बाबतीतही तसेच: 'क्लोज' ही आज्ञा, 'क्लोज्ड' ही स्थिती, पण 'ओपन' आज्ञाही आणि स्थितीही. अशा जोडीची बरोबर असलेली बाजू तपासली की दुसरीही बरोबर असेल असे वाटते. ('क्लोज' विशेषण म्हणून येतो तेव्हा त्याचा अर्थ 'जवळचा' होतो आणि शेवटचा उच्चार 'झ'ऐवजी 'स' होतो. लिहिताना दोन्ही सारखेच.)

जुन्या इंग्रजीत शब्दांना प्रत्यय असत. प्रेम या अर्थाचे नाम 'लुफु', तर क्रियापद 'लुफियन'. पुढे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचे 'लव्ह' झाले. तेव्हापासून शब्दाची जात मुख्यतः त्याच्या जागेवरून ओळखावी लागते. 'एम्प्टी द टँक' ही आज्ञा. 'द एम्प्टी टँक' म्हणजे ती रिकामी टाकी. सगळा फरक 'द' कुठे बसतो यावर आहे, आणि यंत्रांच्या पडद्यावर जागा वाचवायला पहिल्यांदा गाळतात तो हा 'द'च. उरते 'एम्प्टी टँक', आणि त्याचे दोन्ही अर्थ निघतात.

त्या दुपारी पूर्ण यादी पुन्हा चाळली. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारले. पुढे 'इट' चालतो का? चालला तर तो क्रियापद असू शकतो. मागे 'इज' लावून स्थिती सांगता येते का? मग विशेषण. मागे 'द' ठेवून तो एकटा उभा राहतो का? मग नाम. एकापेक्षा जास्त 'हो' आले की शब्दावर खूण. 'ड्राय', 'क्लीन', 'ड्रेन', 'रन', 'लेव्हल' आणि 'सेट' यांवर लगेच खुणा पडल्या. 'ड्रेन' म्हणजे पाणी सोडा किंवा निचऱ्याची नळी; 'रन' म्हणजे चालवा किंवा फेरी. सर्वांत अवघड 'सेट', कारण त्याचे भूतकाळाचे आणि कृदंताचे रूपही 'सेट'च. 'सेट टाइम' म्हणजे वेळ ठरवा, किंवा ठरलेली वेळ. 'क्लीन फिल्टर'चा दिवा लागला तर फिल्टर स्वच्छ आहे की स्वच्छ करायचा आहे, हे शब्द पाहून कोणीही सांगू शकणार नाही. यंत्राच्या रचनाकाराला विचारावेच लागते. उत्तर आले: फिल्टर तुंबून त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढला की तो दिवा लागतो. म्हणजे 'फिल्टर स्वच्छ करा'.

जात कळली तरी मराठीत काम संपत नाही. विशेषणाला लिंग लागते: टाकी रिकामी, पिंप रिकामे, ट्रे रिकामा. त्यामुळे 'एम्प्टी' कशाबद्दल आहे हेही यादीत हवे. शिवाय 'व्हॉल्व्ह उघडा' हे मराठीतही आज्ञा आणि स्थिती अशा दोन्ही अर्थांनी वाचता येते. म्हणून आम्ही स्थितीसाठी सगळीकडे 'आहे' ठेवले: 'व्हॉल्व्ह खुला आहे', 'टाकी रिकामी आहे'. चौकट थोडी रुंद करावी लागली. तो खर्च मला योग्यच वाटतो. अक्षरे वाचवण्यासाठी 'आहे' गाळू नये.

दुरुस्ती आधी भाषांतराच्या फाइलीत केली. प्रत्येक नोंदीच्या वर संदर्भाची एक ओळ जोडली: 'बटण, आज्ञा' किंवा 'स्थिती, टाकी'. संदर्भ वेगळा असला की व्यवस्था त्याच इंग्रजी शब्दाच्या स्वतंत्र नोंदी ठेवते. पण नुसती फाइल बदलून भागत नाही. प्रोग्राममध्ये जिथे तो शब्द मागवला जातो तिथेही तोच संदर्भ, अक्षर न अक्षर सारखा, द्यावा लागतो. नाहीतर नोंद सापडत नाही आणि पडद्यावर मूळ इंग्रजी दिसते. पहिल्या फेरीत नेमके तेच झाले: बटणावर मराठी, चौकटीत 'एम्प्टी'. एका संदर्भात स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा टाकायची राहून गेली होती. ती टाकल्यावर चौकटीत 'टाकी रिकामी आहे' आले आणि चालकाने भरण्याचे बटण दाबले.