आईच्या नाकानं पाहिलेली बाग

चंदीगडची तिकिटं काढल्याबरोबर आईनं बॅगेत सगळ्यात आधी टाकला तो तिचा मोठा सुती रुमाल. "फुलं तोडू देत नसतीलच," ती म्हणाली, "पण गळलेल्या पाकळ्या उचलायला कोण नको म्हणतंय?"

या प्रवासामागचं कारण आधी सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला करोना झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. फोडणीत हिंग पडलेला कळेना, दूध उतू जाऊन करपलं तरी कळेना. काही महिन्यांनी वास परतायला लागले ते वेडेवाकडे होऊन. कॉफीला जळक्या रबराचा वास, परतलेल्या कांद्याला कुजका. डॉक्टरांनी वासाचा सराव करायला सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक उघडायची आणि वीसेक सेकंद मन लावून हुंगायची. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली, आणि करोनानंतर ती जगभर घरोघरी पोचली.

लवंग आणि निलगिरी लवकर जाणवायला लागल्या. मी किती खूश झाले होते! पुढे समजलं की लवंगेचा झोंबरेपणा आणि निलगिरीचा गारवा चेहऱ्याच्या वेगळ्याच मज्जातंतूतून कळतो, तो खरा वास नव्हेच. गुलाबाला तो आधार नाही. गुलाबाच्या बाटलीत असतं ते फेनिल इथाइल अल्कोहोल नावाचं रसायन, आणि ते जवळजवळ फक्त वासाच्याच तंतूंना कळतं. तिथे अंधार असला की गुलाब नाहीच. जवळजवळ तीन वर्षं मी ती बाटली उघडत होते आणि मिटत होते.

आई एकदा म्हणाली, "बाटलीत कसला आलाय गुलाब? झाडापाशी जाऊ." मामेभाऊ नोकरीनिमित्त चंदीगडला असतो, त्याचं बोलावणं होतंच. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघी निघालो.

सुखना तलाव, रॉक गार्डन हे सगळं पाहिलं, छान आहे, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. आम्ही दोन्ही सकाळी गेलो त्या सेक्टर १६ मधल्या झाकीर हुसेन रोझ गार्डनमध्ये. १९६७ साली ही बाग उभी राहिली, त्यामागे होते चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. रंधावा. तीस एकर! हिरवळीत कापलेले वाफे, वाफ्यात एकाच जातीची झाडं, आणि मधूनमधून बेहडा, हिरडा, बेल असे औषधी वृक्ष. फिरायला येणाऱ्यांच्या वाटा या सगळ्यांमधून जातात. शाल गुंडाळलेले आजोबा चालता चालता एखाद्या झाडापाशी वाकतात, डोळे मिटतात, आणि पुन्हा चालू लागतात. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मला त्यांचा हेवा वाटला, हे कबूल करते.

पहिल्या सकाळी सातलाच पोचलो. थंडी होती, धुकं होतं. मी वीस-पंचवीस फुलं हुंगली. काही नाही. गार, ओल्या पाकळ्या नाकाला लागत होत्या तेवढंच. मग आईनं तिच्या परीनं काम हाती घेतलं. ती पुढे जायची, वाकायची, आणि मला सांगायची.

"हा पिवळा... चहाची पत्ती नवीन डबा उघडल्यावर येते ना, तसा."

"ह्याला लिंबाच्या सालीचा वास आहे, पण गोड."

"हा फक्त दिसायला. वास नाही काही."

असे वास नसलेले बरेच निघाले. केवढी टपोरी फुलं, एकेक वाटीएवढं. आई हिरमुसली. "इतकं रूप दिलं आणि वास नाही?" मी तिला वाचलेलं सांगितलं. फुलाचा आकार, रंग आणि फुलदाणीत जास्त दिवस टिकणं यासाठी निवड होत गेली आणि सुगंध मागे पडला. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी 'पापा मेलाँ' हा सुवासिक गुलाब आणि 'रूज मेलाँ' हा जवळजवळ बिनवासाचा गुलाब शेजारी ठेवून पाहिले. एकात वास तयार करायला लागणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर काम करत होतं, दुसऱ्यात ते जवळपास गप्प होतं. आईनं हे ऐकून त्या बिनवासाच्या फुलावरून बोट फिरवलं. "म्हणजे आतून येतच नाही त्याला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून गप्प झाली.

तिथे खुरपणी करणारा एक म्हातारा माळी आमच्याकडे पाहत होता. निघताना म्हणाला, "बीबीजी, धूप निकलने दो, फिर आना."

त्या रात्री पावसाची एक सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम दहाला गेलो. आकाश लख्ख, ऊन कोवळं, माती ओली. ऊब मिळाली की पाकळ्यांमधली तेलं हवेत उडायला लागतात. आई तर फाटकातून आत आल्या आल्याच थांबली आणि म्हणाली, "अगं, आज सगळी बाग बोलतेय."

'डबल डिलाइट'च्या वाफ्यापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. कळी दुधी असते, आणि जसजसं ऊन लागतं तसतशी पाकळ्यांची कड लाल होत जाते. आई म्हणाली मसाल्याचा वास आहे. मला नाकात काहीतरी हललं असं वाटलं, पण मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. फार वेळा फसले होते.

त्याच्या पलीकडे एक झुडूप होतं, पाटी गंजून अक्षरं गेलेली. फुलं गडद लाल, जवळजवळ काळसर, मखमली. एक फूल पूर्ण उमललेलं, पाकळ्यांच्या मधे पाण्याचा थेंब. मी वाकले.

आधी वास आला नाही. आधी घसा दाटला. का ते कळेना. डोळे भरून आले, हात थरथरायला लागले, आणि मग, त्यानंतर, मागाहून वास आला. आणि वासाच्या आधी आलं होतं ते आजीचं माजघर.

आमचं आजोळ वाईचं. परसात गावठी गुलाबाची झुडपं होती. आजी पाकळ्या आणि खडीसाखर एकावर एक थर देऊन बरणीत भरायची, तोंडाला दादरा बांधायची आणि बरणी उन्हात ठेवायची. रोज संध्याकाळी दादरा सोडून ती लाकडी डावानं ढवळायची, तेव्हा मी शेजारी उकिडवी बसलेली असायची. ते सगळं, तिचा खरखरीत हात, डावाला चिकटलेली पाकळी, मी चाटलेला डाव, सगळं एका श्वासात. इतर संवेदनांचे निरोप मेंदूत एका मोठ्या नाक्यावरून पुढे जातात. वासाला तो नाका लागत नाही, तो थेट भावना आणि आठवणींच्या भागांत शिरतो. हे मी शंभरदा वाचलं होतं. अनुभवलं त्या झुडपापाशी.

दोन-तीन श्वास, आणि गेला. मी घाबरून पुन्हा पुन्हा हुंगायला लागले. आईनं खांदा धरला. "थांब. नाक दमतं. जरा लांब बघ." आम्ही शेजारच्या बाकावर बसलो. पाच मिनिटांनी पुन्हा गेले. आला! फिकट, पण आला.

मी आईला आजीची बरणी सांगितली. तिनं ऐकून घेतलं, मग स्वतः त्या फुलापाशी गेली, आणि परत आल्यावर बराच वेळ बोलली नाही.

"मला बरणी नाही आठवली," ती म्हणाली. "मला अण्णा आठवले."

तिच्या लग्नात, दारात उभं राहून वऱ्हाडावर गुलाबपाणी शिंपडायचं काम अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कुणाला दिलं नव्हतं. तिची पाठवणी झाली तेव्हाही चांदीची गुलाबदाणी त्यांच्या हातातच होती. गाडी निघताना आईनं मागे वळून पाहिलं. "गुलाबदाणी केव्हाच रिकामी झाली होती गं. पण ते हलवतच होते. रिकामीच. गाडी वळेपर्यंत."

बावन्न वर्षांत तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी तिचा हात हातात घेऊन बसले. समोरून लोक जात होते, वाकत होते, डोळे मिटत होते.

उठताना आईनं झुडपाखाली गळलेल्या पाकळ्या वेचल्या, माती फुंकून काढली आणि रुमालात बांधल्या. माळी लांबून बघत होता. त्यानं हात वर केला.

परतीच्या विमानात तिनं गाठ सोडली. पाकळ्या कडांना काळ्या पडायला लागल्या होत्या. रुमाल तिनं माझ्या नाकाशी धरला. मला काहीच आलं नाही.

"कसा आहे?" मी विचारलं.

आईनं डोळे मिटले. "ओला आहे अजून," ती म्हणाली. "आणि जरासा मातीचा."