धूप : वायूला वाहिलेला उपचार

षोडशोपचार पूजेत गंध आणि पुष्प यांच्यामागून धूप येतो आणि त्याच्यामागून दीप व नैवेद्य. सोळा उपचारांना सवड नसेल तर पाचच करावेत, अशी सोय आपल्या परंपरेने ठेवली आहे आणि त्या पाचांतही धूप आहेच. आसन, वस्त्र, यज्ञोपवीत वगळले तरी पूजा पूर्ण मानली जाते; धूप मात्र वगळला जात नाही. त्याला इतके महत्त्व का असावे, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे. रोज दिवेलागणीला मी देवापुढे धूप घालते, आणि जी गोष्ट नित्य हातून घडते तिचा अर्थ आपल्याला ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते.

या प्रश्नाचे मला सर्वांत पटलेले उत्तर मानसपूजेत आहे. तेथे समोर ना ताम्हन असते ना फुले. साधक केवळ मनाने पाच उपचार अर्पण करतो आणि प्रत्येक उपचार एकेका महाभूताच्या बीजाक्षराने वाहतो. ‘लं’ म्हणून पृथ्वीरूप गंध, ‘हं’ म्हणून आकाशरूप पुष्प, ‘यं’ म्हणून वायुरूप धूप, ‘रं’ म्हणून अग्निरूप दीप आणि ‘वं’ म्हणून अमृतरूप, म्हणजे जलतत्त्वाचा, नैवेद्य. ज्या पाच तत्त्वांनी हा देह घडला, तीच तत्त्वे देणाऱ्याला परत द्यायची, असा त्यामागचा भाव आहे. येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. न्याय-वैशेषिक दर्शनांनुसार गंध हा पृथ्वीचा विशेष गुण आहे. म्हणजे सुवासाच्या न्यायाने धूपही पृथ्वीच्याच वाट्याला जायला हवा होता. सहाणेवर उगाळलेले चंदन तसे गेलेही. धूप मात्र वायूकडे दिला गेला, कारण धूपात आपण सुवासापेक्षाही त्या सुवासाचे सुटणे, निघून जाणे अर्पण करत असतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीव एक शरीर सोडून दुसऱ्यात जाताना मन आणि इंद्रिये बरोबर नेतो, हे सांगताना ‘वायुर्गन्धानिवाशयात्’ असा दृष्टान्त दिला आहे : वारा जसा फुलांच्या ठायीचे गंध घेऊन जातो, तसा. धुपाटण्यातल्या खड्याचा आकार नाहीसा होतो आणि त्यात जे सूक्ष्म होते ते मोकळे होते, हे रोज डोळ्यांसमोर घडताना पाहणे ही माझ्या लेखी एक लहानशी साधनाच आहे.

धूप अर्पण करतानाचा श्लोक बहुतेकांना पाठ असतो : ‘वनस्पतिरसोद्भूतो गन्धाढ्यो गन्ध उत्तमः। आघ्रेयः सर्वदेवानां धूपोऽयं प्रतिगृह्यताम्॥’ वनस्पतीच्या रसातून निर्माण झालेला, सर्व देवांनी हुंगावा असा हा धूप स्वीकारावा, एवढाच त्याचा सरळ अर्थ. त्यातल्या ‘सर्वदेवानां’ या पदावर मी पुष्कळदा थांबते. फूल एका मूर्तीच्या मस्तकावर वाहता येते, नैवेद्याचे ताट एका देवापुढे ठेवता येते, परंतु धूर एकाच देवापुरता राखून ठेवता येत नाही. तो देव्हाऱ्यातून माजघरात जातो, पाहुण्याला पोहोचतो, पाळण्यातल्या बाळाला पोहोचतो, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही पोहोचतो. धूप ज्या हवेला वाहायचा ती हवा सर्वांची आहे, आणि या एका गोष्टीतच धूपाचा आध्यात्मिक अर्थ आणि त्याचे व्यावहारिक पथ्य या दोहोंचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात हा उपचार कोणा एका धर्माचा राहिलेला नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या दिगंबर जैन मंदिरांत अष्टद्रव्य पूजेतला धूप ‘अष्टकर्मदहनाय’ असे म्हणून वाहिला जातो. आत्म्याला बांधून ठेवणारी आठ कर्मे जळावीत, ही त्यामागची प्रार्थना. बौद्ध घरांत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती व अगरबत्ती लावून ‘गन्धसम्भारयुत्तेन धूपेनाहं सुगन्धिना’ ही पाली गाथा म्हणतात. तेथे काही मागणे नसते, पूजनीयाचे पूजन एवढाच हेतू असतो. मुंबईतल्या पारशी घरांत सांजवेळी लोबान खोल्याखोल्यांतून फिरवला जातो, दर्ग्यात लोबान दरवळत असतो आणि वसईच्या चर्चमध्ये मोठ्या सणांच्या मिस्साला साखळीचे धूपपात्र हलवले जाते. बायबलातल्या एका स्तोत्रात तर ‘माझी प्रार्थना धूपासारखी तुझ्यापुढे येवो’ अशा अर्थाची विनवणी आहे. जैनांचे दहन आणि ख्रिस्ती भक्ताचे वर चढणारे मागणे हे भाव परस्परांपासून बरेच दूर आहेत, तरीही साधन एकच निवडले गेले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

पंढरपुरात विठ्ठलाच्या नित्योपचारांत सायंकाळी धूपारती होते आणि शिर्डीतही सूर्यास्ताच्या सुमारास होणाऱ्या आरतीला धूपारती असेच म्हणतात. तिन्हीसांजेची ही वेळ घरांनीही पाळली. ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती राहिले धुपाटणे’ ही म्हण ज्या समाजात रुजली, तेथे धुपाटणे घरोघरी असणार हे उघड आहे. ते पेटवण्याची जुनी रीत मला अतिशय शहाणपणाची वाटते. गोवरीचा किंवा नारळाच्या करवंटीचा निखारा धुपाटण्यात घ्यायचा, तो लालबुंद असताना त्यावर काहीही टाकायचे नाही, त्याच्यावर राखेचा पातळ पापुद्रा धरू द्यायचा आणि मगच ऊद, राळ किंवा गुग्गुळ यांची चिमूट सोडायची. निखारा फार तापलेला असला तर राळ पेट घेते, काळा उग्र धूर होतो आणि डोळे चुरचुरतात. राखेच्या थरामुळे उष्णता सौम्य झाली की राळेतली सुगंधी तेले न जळता वाफेच्या रूपाने बाहेर पडतात. हे रसायनशास्त्र आजी-पणजींना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. धुराचा रंग आणि नाकाला येणारी जाणीव त्यांना पुरेशी होती.

आता दैनंदिन लाभांविषयी. माझ्या अनुभवात पहिला लाभ वेळेचा आहे. दिवसाचे काम आणि रात्रीचे घर यांच्यामध्ये एक उंबरठा लागतो, आणि धुपाचा वास तो उंबरठा आखून देतो. गंधाची संवेदना मेंदूत पोहोचण्याचा मार्ग इतर इंद्रियांहून निराळा आहे. दृष्टी आणि श्रवण यांचे संदेश आधी थॅलॅमस या भागात जातात, तर गंधाचे संदेश मेंदूतल्या गंधकंद या भागाकडून जवळजवळ थेट भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या केंद्रांकडे जातात. त्यामुळे रोज त्याच वेळी, त्याच जागी, तोच सुवास घेतला की मनाला शांत बसण्याची खूण पटते. जपाला किंवा ध्यानाला बसणाऱ्यांना याचा आणखी एक उपयोग आहे : नेहमीच्या लांबीची उदबत्ती साधारण अर्धा ते पाऊण तास चालते, म्हणून घड्याळाकडे न पाहता बैठक पूर्ण करता येते. जपानच्या झेन मठांत ध्यानाची एक बैठक एका उदबत्तीने मोजण्याची पद्धत आहे.

सुवासाने मन निवते, यामागे काही भौतिक कारणही असू शकते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी 2008 साली सालईच्या कुळातील झाडांच्या राळेतले ‘इन्सेन्सोल अ‍ॅसिटेट’ हे द्रव्य उंदरांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्यातली भीती आणि अस्वस्थता कमी झालेली दिसली. हा प्रयोग उंदरांवरचा होता आणि त्यांना ते द्रव्य शुद्ध स्वरूपात दिले होते, धूर हुंगायला दिला नव्हता. त्यामुळे देव्हाऱ्यातल्या धुपाने चिंतेचा आजार बरा होतो, असे त्यावरून कोणी सांगू नये. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला त्यातून एक दिशा मिळते.

आयुर्वेदाने धूपाकडे औषधाच्या नजरेने पाहिले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणावर उपचार झाल्यानंतर गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड आणि पांढरी मोहरी यांच्या चूर्णात मीठ, कडुनिंबाची पाने व तूप मिसळून धुरी द्यावी, असे सांगितले आहे. बालरोगांचा विचार करणाऱ्या काश्यपसंहितेत तर धूपांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीच्या साली निखाऱ्यावर टाकून शेक-धुरी देण्याची आपली घरगुती पद्धत याच विचाराशी नाते सांगते. पावसाळ्यातली कोंदट खोली, कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास, संध्याकाळचे डास यांवर कडुनिंबाच्या पाल्याची धुरी आजही उपयोगी पडते. मात्र नवजात बाळाला प्रत्यक्ष धुरात धरू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे. त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. आमच्या घरी बाळ आले तेव्हा आम्ही दुपटी आणि लंगोट यांना धुरी दिली, खोलीची दारे-खिडक्या उघडून सर्व धूर जाऊ दिला आणि मगच बाळाला आत आणले. आजेसासूबाईंचेही त्याने समाधान झाले.

धूर तो धूरच, तो देवापुढचा असला तरी, हे येथे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सरासरी 45 मिलिग्रॅमहून अधिक सूक्ष्म कण हवेत सोडते आणि तेवढीच सिगारेट सुमारे 10 मिलिग्रॅम, असा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात दिला आहे. त्याशिवाय कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइड असतेच. त्याच वर्षी सिंगापुरातील चिनी वंशाच्या 61,320 लोकांच्या पाहणीत, दीर्घकाळ आणि नित्य उदबत्ती जाळणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या काही कर्करोगांचे प्रमाण अधिक आढळले. हे वाचून कोणी धूप सोडून द्यावा, असे मी म्हणणार नाही. परंतु वायूला वाहिलेल्या उपचाराने वायूच दूषित होत असेल तर तो उपचार कसा राहील, हा प्रश्न प्रत्येक भाविकाने स्वतःला विचारायला हवा. बंद फ्लॅटमध्ये एका वेळी पाच-पाच उदबत्त्या लावणे आणि त्या रात्रभर धुमसत ठेवणे याला शास्त्राचाही आधार नाही. एक उदबत्ती किंवा एक चिमूट धूप, उघडी खिडकी आणि धूर निवल्यावर जपाला बसणे, एवढे पाळले तर पुरते. घरात दम्याचा रुग्ण, गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असेल तर त्या काळात फुलांचा आणि उगाळलेल्या चंदनाचा गंध वाहावा. किंवा मानसपूजेतला ‘यं’ म्हणावा. तो धूप कोणत्याही अर्थाने कमी नाही.

काय जाळतो, याला तितकेच महत्त्व आहे. बाजारातल्या स्वस्त उदबत्तीत बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट यांचा लेप असतो; ही कच्ची बत्ती नंतर कृत्रिम अत्तरात बुडवतात आणि ते अत्तर पातळ करण्यासाठी बऱ्याचदा डायइथाइल थॅलेटसारखे द्रावक वापरतात. मसाला बत्तीत सुगंधी द्रव्ये लगद्यातच मळलेली असतात. दुकानात ओळखायची साधी खूण अशी की, न पेटवताही पुड्यातून डोके दुखेल इतका वास येत असेल तर ती बत्ती घेऊ नये.

आणि गुग्गुळ. राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या प्रदेशात वाढणारे हे काटेरी झुडूप आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त गटात आहे. अधिक डिंक मिळावा म्हणून खोडावर खोल घाव घातले जातात आणि त्यातून झाडेच्या झाडे वाळून जातात. ‘वनस्पतिरसोद्भूतो’ असे म्हणताना ती वनस्पती जिवंत राहावी, ही जबाबदारीही आपण उच्चारत असतो. म्हणून आम्ही घरी गुग्गुळ सणावारापुरता ठेवला असून रोजच्या धुपासाठी सालईचा डिंक वापरतो. सातपुड्यात आणि विदर्भाच्या पानगळीच्या जंगलांत सालई आढळते. तिचा वास गुग्गुळापेक्षा हलका आणि किंचित लिंबासारखा असतो. काष्ठौषधींच्या दुकानात सालई गुग्गुळ या नावानेही तो मिळतो, मुंगाएवढे दोन-तीन खडे एका वेळेला पुरतात आणि बरणीचे झाकण घट्ट असले तर तो वर्षभर चांगला राहतो.