वाजवून बघणे

परवा दुपारी नाक्यावरच्या भाजीवाल्याकडे मी एकामागून एक सहा नारळ कानाशी हलवले, मग एकमेकांवर ठोकून बघितले. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलाने कानातलं यंत्र काढून विचारलं, "काका, काय ऐकताय?"

खरं म्हणजे मला काहीच ऐकू येत नव्हतं. नारळातलं मला कळत नाही. ठोकून आणलेल्या सहांतले दोन हमखास कुजके निघतात. ही ते माझ्यासमोर ओट्यावर मांडून ठेवते आणि काही बोलत नाही. पण वाजवल्याशिवाय वस्तू घेणं माझ्याच्याने होत नाही. माठ, कलिंगड, कपबशी, दाराची फळी, भाड्याच्या घराची फरशी. बँकेत असताना कर्जदाराची भिंतसुद्धा वाजवून आलोय.

हे खूळ दादाकाकांकडून आलं. काका दाभोळच्या खाडीत मचवा चालवायचे. पावसाळा तोंडावर आला की तो माणसं लावून वर ओढायचा, खाली लाकडं लावून सरळ उभा करायचा आणि वरून झावळ्यांनी शाकारायचा. नारळीपौर्णिमेपर्यंत त्याचा मुक्काम आमच्या वाडीत. मधल्या दिवसांत डागडुजी. काका मुठीची हाडं प्रत्येक फळीवर ठोकत नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत जायचे. समुद्रातला किडा लाकूड आतून पोखरतो, बाहेरून फळी अगदी साजूक दिसते. चांगली फळी टण म्हणते, किडलेली थप. थप झाली की तिथे खडूची फुली.

मी त्या वेळी मचव्याच्या आत असायचो. झावळ्यांवर पाऊस पडत असायचा, आत मुशीच्या तेलाचा असा वास की आई मला घरात घेण्याआधी पडवीत उभं करून पाणी ओतायची. पेजेची वाटीही मी तिथेच नेत असे. काका बाहेरून ठोकायचे, मी आतून ठोकून उत्तर द्यायचो. मग ते ओरडायचे, "गप रे, माझा हिशोब चुकतो!" एकदा मी त्यांना गंभीरपणे विचारलं होतं, आपण सगळेच इथे राहायला आलो तर? काका म्हणाले, तुझ्या काकीला विचारून ये. मी विचारायला गेलो. काकीने काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

तर ही इतकी प्रस्तावना अशासाठी की तीन वर्षांपूर्वी लेकीचा इंग्लंडहून फोन आला, "बाबा, मी घर घेतेय."

आम्हाला आनंद झाला. केवढं आहे?

"सत्तावन्न फूट लांब."

आणि रुंदी?

"सहा फूट दहा इंच."

मला वाटलं, पोरगी पॅसेजचं माप सांगतेय. आमच्या डोंबिवलीच्या घरातसुद्धा दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता वळू शकतात. मग कळलं की ती बोट घेतेय. १९८९ साली बांधलेली, लोखंडी, कालव्यातली जुनी बोट. तिथल्या भाड्यात पगार जिरून जात होता, आणि तिच्या ऑफिसातली एक बाई सहा वर्षं अशाच बोटीत राहत होती, एवढं कारण तिला पुरलं. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू तो मचवा मीच तिच्या डोक्यात सोडला होता.

सहा फूट दहा इंच का, हे मला तिथे गेल्यावर समजलं. अठराव्या शतकात इंग्लंडच्या मधल्या भागात कालवे खणले गेले तेव्हा जेम्स ब्रिंडलीने त्यांच्या लॉकची रुंदी सात फुटांच्या आसपास ठेवली. लॉक म्हणजे बोटीला पाण्याने वर चढवणारी किंवा खाली उतरवणारी दोन दारांमधली कुंडी. कुंडी जेवढी, तेवढीच बोट. घोडे काठावरून बोट ओढायचे, बोटीत कोळसा, आणि मागच्या जेमतेम दहा फुटांच्या खोलीत नावाड्याचं आख्खं बिऱ्हाड. सत्तर फुटांची बोट असली तरी बिऱ्हाडाला दहाच, कारण कोळशाला भाडं मिळतं, पोरांना मिळत नाही. लेकीला आख्खे सत्तावन्न मिळणार म्हटल्यावर मीही गप्प बसलो.

आम्ही पोचलो त्याच आठवड्यात बोटीची तपासणी होती. ब्रॉन्स्टन नावाचं गाव आहे, ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा जिथे भेटतात तिथे. त्याच्या जवळच्या एका यार्डात बोट पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवली होती. पाण्याबाहेरची बोट मी चाळीसेक वर्षांनी बघत होतो. झावळ्या तेवढ्या नव्हत्या. पाण्याच्या फवाऱ्याने शेवाळ उडवलेलं, काळं डांबर जागोजाग सुटलेलं, बाजूला मॅग्नेशियमच्या वड्या वितळून साबणाच्या चिपेएवढ्या उरलेल्या. त्या वड्या मुद्दाम लावतात म्हणे. गंज आधी त्यांना खातो, बोट वाचते.

सर्वेअर उंच, म्हातारा, अबोल. त्याने खिशातून काढली ती हातोडी. मी हिला कोपर मारलं. तो ठोकत निघाला तसा मी त्याच्या मागे दोन पावलं ठेवून, हात पाठीमागे बांधून. ठोकून झालं की सोनोग्राफीसारखं चिकट काहीतरी लावून एक यंत्र टेकवायचा आणि पत्र्याची जाडी खडूने तिथेच लिहायचा. बाजू मुळात सहा मिलिमीटरच्या. ५.७. ५.५. ५.६. चारच्या खाली गेलं की विमावाले कुरकुर करतात, हे लेकीने सकाळपासून चारदा सांगितलं होतं.

मागची बाजू छान खणखणीत वाजली. पुढे नाळेजवळ आलो आणि थप.

मी ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं. लेकीचा दंड धरून मी मराठीत म्हटलं, "ही जागा गेलेली आहे. आवाज बघ." तिने ते त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, सावकाश यंत्र टेकवलं आणि लिहिलं, ५.६. मग मला समजेल अशा संथ इंग्रजीत सांगितलं की नाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी असते, ती अर्धी भरलेली आहे, म्हणून आवाज दबतो. आणि जिथे खणखणीत वाजलं होतं तिथे, मागच्या बाजूला पाण्याच्या रेषेवर, त्याने परत जाऊन यंत्र टेकवलं. ३.८. ३.९.

ही त्या दिवशीही काही बोलली नाही. ओट्यावर नारळ मांडल्यासारखा चेहरा करून उभी राहिली.

त्या ३.८ वर लेकीने किंमत बरीच खाली आणली. घासाघीस ती आईकडे शिकली आहे. मागच्या बाजूला वरून दुसरा पत्रा वेल्ड करून घेतला आणि बोट घेतली.

मग आमची तीन महिन्यांची सुट्टी बोट उसवण्यात गेली. जुनं लाकडी अस्तर काढलं तर मागे थर्माकोल, आणि थर्माकोलला चिकटलेल्या वायरी लिबलिबीत झालेल्या. थर्माकोल वायरीवरच्या प्लास्टिकमधला मऊपणा शोषून घेतो, मग ते तडकतं. सगळं फेकलं, आतून फोम फवारून घेतला. तळाची फळी उचलली तर खाली विटा आणि फरशीचे तुकडे, ओळीने मांडलेले. मी म्हटलं, कोणाचा राडारोडा हा? राडारोडा नव्हे, ते वजन. ते नसेल तर बोट पाण्यावर नीट बसत नाही. एकेक वीट बाहेर काढायची, खालचा गंज खरवडायचा, रंग द्यायचा, वीट परत ठेवायची. कपडे धुण्याचं यंत्र डाव्या अंगाला बसवल्यावर बोट डावीकडे कलली, म्हणून अकरा विटा उजवीकडे नेल्या. नंतर हिने पाटा-वरवंटा पाठवायची तयारी दाखवली. तो कुठल्या अंगाला ठेवायचा यावर मायलेकींचं आठवडाभर चाललं होतं. पाठवला नाही, विमानात वजन बसेना.

संडासाचा विषय मी सोडून देतो. एक डबा असतो, तो भरला की उचलून न्यावा लागतो, इतकं पुरे.

देव्हाऱ्याचं मात्र अडलं. हिचं म्हणणं, देवाचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला. लेकीने पायऱ्यांशेजारी छान कोनाडा करून दिला, मी होकायंत्र धरून पूर्व दाखवली. ही खूश. पण बोटीला कायमची जागा घेतली नाही तर नियम असा की एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही, पुढे सरकायचं. सरकलो तर कालवा वळलेला. देव दक्षिणेला. ही दोन संध्याकाळी अस्वस्थ होती. तिसऱ्या दिवशी दिवा लावून म्हणाली, "मी पूर्वेला तोंड करून बसते. त्यांचं ते बघतील."

परत आल्यावर एकदा लेकीचा घाबरा फोन. इंजिन चालू असताना मागे, पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथून, थेंब थेंब पाणी आत येतंय. मी म्हटलं, येऊ दे, काकांचा मचवा तर पाण्यात घातल्यावर पहिले दोन दिवस भांड्याने उपसावा लागायचा, लाकूड फुगेपर्यंत. ती म्हणाली, बाबा, हे लोखंड आहे. नंतर शेजारच्या बोटीतल्या माणसाने येऊन पाहिलं आणि सांगितलं की चालू इंजिनाला तिथून थेंब पडायलाच हवा, अजिबात पडला नाही तर मला हाक मार. म्हणजे या खेपेस मी चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर होतो. दिवाळीचा फराळ कुठल्या पत्त्यावर पाठवायचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

नाक्यावरच्या त्या मुलाला मी शेवटी एवढंच सांगितलं की डॉक्टरसुद्धा असंच करतात. ते खोटं नव्हतं. छातीवर बोटांनी ठोकून आतलं ओळखायची युक्ती आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरच्या १७६१ सालच्या पुस्तकातून पुढे आली. त्याच्या बापाची खानावळ होती, आणि दारूचं पिंप कुठवर भरलंय ते ठोकून बघतात, हे म्हणे त्याने लहानपणीच पाहिलं होतं. मुलाने मान डोलावली आणि यंत्र परत कानात घातलं.

मी बँकेत लागून दोन वर्षं झाली होती तेव्हा काकांना दम लागू लागला म्हणून रत्नागिरीला आणलं. मचवा विकून झाला होता. डॉक्टरांनी त्यांना खाटेवर बसवलं, सदरा वर केला आणि पाठीवर ठोकायला सुरुवात केली. खांद्यापासून खाली. वर पोकळ, घुमणारा आवाज येत होता. बोट खालच्या बरगड्यांवर आलं आणि थप. डॉक्टरांनी एक बोट वर जाऊन पुन्हा ठोकलं, पुन्हा खाली. थप.

काका मान वळवून माझ्याकडे बघत होते.

"आयकलंस?"

मी म्हटलं, नाही.